काडतुसाची पुंगळी आणि कायद्याची चौकट : भारतातील कॅलिबर-परिवर्तनाचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ – महाराष्ट्र)

प्रस्तावना :

'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून रूढ झाले आहेत. आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असलेली राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, उत्तन ही गावे ज्या धारावी बेटाच्या परिसरात वसली आहेत, तो साष्टीचा भाग अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत येथील धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात झुंज झाली. त्या काळचे काडतूस म्हणजे मापून घेतलेली दारू व गोळी यांची कागदी गुंडाळी होय. ती वाटेल त्याला घरी वळता येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाची जागा पितळेने घेतली आणि या लहानशा वस्तूचे स्वरूपच पालटले. गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी या तिन्ही गोष्टी एका धातूच्या नळकांड्यात बसवल्या जाऊ लागल्या. हे नळकांडे म्हणजेच वृत्तपत्रांतील गुन्हेवृत्तांमुळे सर्वांना परिचित असलेली 'पुंगळी'.

गोळी झाडल्यावर दारू जळते आणि गोळी निघून जाते, परंतु पुंगळी मागे उरते. ती पुन्हा भरता येते. एवढेच नव्हे, तर योग्य साचा वापरल्यास एका कॅलिबरची पुंगळी दुसऱ्या कॅलिबरसाठी घडवता येते. अमेरिकेत व युरोपातील काही देशांत नेमबाजांनी हा स्वहस्ते करावयाचा उद्योग शंभराहून अधिक वर्षे जोपासला. भारतात असा उद्योग नागरिकांमध्ये का रुजला नाही, आणि तरीही कॅलिबर-परिवर्तनाची काही अत्यंत लक्षणीय उदाहरणे भारतातच का आढळतात, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

१) पितळी पुंगळीची रचना व तिचे परिवर्तन यांचा थोडक्यात परिचय करून घेणे.
२) ब्रिटिश काळात भारतात झालेल्या कॅलिबर-परिवर्तनामागील लष्करी व राजकीय कारणांचा शोध घेणे.
३) १८७८ व १९५९ च्या शस्त्र कायद्यांचा कॅलिबरवर झालेला परिणाम अभ्यासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

पाश्चात्त्य देशांत नेमबाजाने आपल्या बंदुकीला अनुरूप पुंगळी बदलली. भारतात मात्र शासनाने आपल्या कायद्याला अनुरूप कॅलिबर बदलले, असे गृहीतक येथे मांडले आहे. त्याच्या पडताळणीसाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांचा मजकूर, प्रकाशित लष्करी इतिहास आणि काडतुसांची नावे व मापे यांचा आधार घेतला आहे.

१. पुंगळीची रचना व परिवर्तनाचे तंत्र :

काडतुसाचे पितळ साधारणतः सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त यांचे असते. या मिश्रधातूची जाड चकती दाबून तिची वाटी केली जाते आणि ती वाटी उत्तरोत्तर अरुंद साच्यांतून ओढून लांब नळी बनवली जाते. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. भाईंदरच्या स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत पत्र्याच्या चकतीपासून डबा किंवा तांब्या घडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या प्रक्रियेचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. धातू निराळा असला तरी तत्त्व एकच आहे.

परिवर्तनाच्या वेळी हेच तत्त्व पुढे चालवले जाते. पुंगळी मऊ करून साच्यात दाबली की तिचे तोंड अरुंद किंवा रुंद होते. लांबी जास्त असल्यास ती कापून कमी केली जाते. तळाची कड म्हणजे रिम जाड असल्यास ती घासून पातळ केली जाते. मात्र तळाचा व्यास आणि भिंतीची जाडी या बाबतींत फारसा फेरफार करता येत नाही. म्हणून ज्या दोन काडतुसांचा तळ जवळजवळ सारखा आहे, त्यांच्यातच परिवर्तन शक्य होते. तोंड बदलले तरी तळ मूळ घराण्याचाच राहतो. यामुळे पुंगळीचा तळ पाहून तिचा पूर्वेतिहास वाचता येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला नाण्यावरील ठशाचे जे महत्त्व, तेच काडतुसाच्या तळावरील ठशाचे आहे. खडकी येथील कारखान्याचा 'केएफ' आणि वरणगाव येथील कारखान्याचा 'ओएफव्ही' हे ठसे त्याची उदाहरणे होत.

पुनर्भरणाच्या दृष्टीने टोपीची रचनाही निर्णायक असते. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन हायरम बर्डन यांनी एकाच सुमारास दोन भिन्न रचना प्रचारात आणल्या. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या तळाशी मधोमध एकच छिद्र असल्याने जुनी टोपी आतून सुईने सहज ढकलता येते. बर्डनच्या रचनेत बाजूला दोन छिद्रे असल्याने तसे करता येत नाही. विशेष म्हणजे इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची रचना ब्रिटिश लष्करी .३०३ काडतुसात वापरली गेली. परिणामी अमेरिकेत पुनर्भरण घरोघरी पोहोचले, तर ब्रिटिश लष्करी पुंगळी त्या कामी अवघड ठरली.

२. स्नायडर ते मार्टिनी-हेन्री : साम्राज्याने केलेले परिवर्तन :

१८५७ च्या उठावात कागदी काडतूस किती स्फोटक ठरले हे सर्वज्ञात आहे. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, ब्रिटनने जुन्या .५७७ एनफिल्ड बंदुकांचा मागील भाग बदलून त्यांचे स्नायडर बंदुकीत रूपांतर केले. तिच्यासाठी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली बॉक्सरची पुंगळी वापरात आली. पुढे १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री बंदूक स्वीकारली गेली. तिच्या नळीचा व्यास .४५० इंच होता. त्यासाठी प्रथम योजलेले लांब सरळ काडतूस गैरसोयीचे ठरले, तेव्हा स्नायडरच्याच रुंद पुंगळीचे तोंड .४५० पर्यंत आवळण्यात आले. या काडतुसाचे .५७७/४५० हे दुहेरी नाव म्हणजे त्याच्या परिवर्तनाचा जन्मदाखलाच होय.

या दोन टप्प्यांच्या मध्ये, १८६९ साली, पुण्याजवळील खडकी येथे दारूगोळा कारखाना स्थापन झाला. १८१७ च्या लढाईने पेशवाईच्या अस्ताची सुरुवात जेथे झाली, त्याच परिसरात बावन्न वर्षांनी मुंबई इलाख्याच्या सैन्याला दारूगोळा पुरवण्याची व्यवस्था उभी राहिली.

१८५७ चा अनुभव जमेस धरून हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवण्याचे धोरण सरकारने अवलंबले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे झालेल्या लढाईत त्याचे प्रत्यंतर येते. एकाच ब्रिगेडमधील ६६ वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्रीने लढत होती, तर तिच्या शेजारच्या मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्ज रायफल्स या मुंबई सैन्याच्या पलटणी स्नायडरने. दोघांची काडतुसे एका घराण्यातील असूनही एकमेकांच्या बंदुकीत चालणारी नव्हती. मैवंदच्या पराभवाची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे खापर केवळ बंदुकीवर फोडता येणार नाही. तथापि कॅलिबर हे विश्वास-अविश्वासाचेही माप होते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

३. भारतीय हवामान आणि पितळ :

गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी उष्ण प्रदेशात नळीत अडकत असे. सुदानमधील १८८५ च्या मोहिमेनंतर या दोषाची विशेष चर्चा झाली आणि सलग ओढलेल्या पितळी पुंगळीचा प्रसार वाढला. परंतु या नव्या पुंगळीलाही भारतात निराळाच विकार जडला. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेल्या पुंगळ्यांना न वापरताच भेगा पडू लागल्या. १९२१ मध्ये इंग्लंडमधील धातुशास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. ओढकामामुळे पितळात राहिलेला अंतर्गत ताण आणि पागेतील मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया यांच्या संयुक्त परिणामाने या भेगा पडत होत्या. पुंगळी बेताने तापवून ताण घालवणे हा त्यावरील उपाय ठरला. जगभरच्या धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही शिकवला जाणारा हा धडा भारतातील पावसाळ्याने दिलेला आहे. कॅलिबर बदलताना पुंगळी मऊ करण्याचा आग्रह का धरला जातो, याचे कारणही त्यातच सापडते.

४. कायद्याने घडवलेले कॅलिबर :

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र कायदा संमत झाला. त्यातील वंशभेदी सवलतींची चर्चा मराठी इतिहासलेखनात भरपूर झाली आहे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. मात्र त्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येकडे फारसे लक्ष गेलेले नाही. या व्याख्येत टोप्या, बंदुकीच्या गाद्या, दारूगोळ्याचे सर्व भाग आणि तो तयार करण्याची यंत्रे यांचा समावेश होता. शिसे, गंधक व सोरा यांना मात्र वगळले होते. यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. शिसे, गंधक आणि सोरा बाजारात सर्वत्र मिळत. त्यांच्यावर सरसकट बंदी अशक्य होती. परंतु टोपी आणि पितळी पुंगळी कारखान्याशिवाय होत नाही. कागदी काडतुसाच्या काळात बंदूक असलेला माणूस स्वावलंबी होता. पितळी काडतुसाने त्याला कारखान्याशी, आणि पर्यायाने परवान्याशी, बांधले.

यानंतर कॅलिबरवर थेट नियंत्रण आले. लष्करी मार्टिनी-हेन्रीचे काडतूस चोरून वापरले जाऊ नये म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० कॅलिबरच्या बंदुका भारतात आणण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे विलायतेतील शिकारी बंदुकांच्या कारागिरांची अडचण झाली, कारण वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी .४५० हेच लोकप्रिय माप होते. त्यांनी अल्पावधीत .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे पुढे आणली. त्यांपैकी .५००/४६५ हे काडतूस .५०० ची पुंगळी आवळून केलेले होते. अर्थात भारत सरकारच्या एका मनाईने लंडनच्या कारखान्यांत नवी कॅलिबर-मालिका जन्मास आली.

हाच प्रकार .३०३ बाबत घडला. ते लष्करी कॅलिबर असल्याने सामान्य परवानाधारकास निषिद्ध राहिले. त्याऐवजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर आधारलेले .३१५ कॅलिबर भारतात रूढ झाले. बंदुकीची यंत्रणा ली-एनफिल्डचीच, पण नळी व काडतूस निराळे, अशी ही तडजोड होती.

तथापि या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण .४१० मस्केटचे आहे. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड बंदुकांच्या नळीतील आटे काढून त्या गुळगुळीत केल्या गेल्या आणि काडतूस-पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्या एकबारी करण्यात आल्या. त्यांच्यासाठी .३०३ ची पुंगळी तोंड न आवळता सरळ ठेवून .४१० चे काडतूस तयार केले गेले. ही मस्केट पोलीस व तुरुंगरक्षक यांच्यासाठी होती. ती दंगलखोरांच्या हाती पडली तरी तिचा पल्ला कमी असावा आणि तिच्यात लष्करी काडतूस चालू नये, हा हेतू होता. नेमबाज जेव्हा पुंगळीचे परिवर्तन करतो तेव्हा त्याला अधिक अचूकता किंवा अधिक सोय हवी असते. येथे मात्र चांगली बंदूक जाणीवपूर्वक कमी प्रतीची करण्यासाठी परिवर्तन झाले.

५. पिस्तुलाची पुंगळी : तौलनिक विचार :

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या पुंगळ्या आखूड असल्याने त्यांचे परिवर्तन तुलनेने सोपे असते. जगात सर्वाधिक प्रसार पावलेले नऊ मिलिमीटरचे काडतूस मुळात परिवर्तनातूनच निर्माण झाले. गेओर्ग लुगर याने १९०२ च्या सुमारास आपल्या ७.६५ मिलिमीटर काडतुसाच्या पुंगळीचे आवळलेले तोंड मोकळे करून त्यात नऊ मिलिमीटरची गोळी बसवली.

ब्रिटिश व हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला दीर्घकाळ .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. काळ्या दारूऐवजी धूरविरहित कॉर्डाइट वापरात आल्यावर जागा कमी लागू लागली आणि या काडतुसाची पुंगळी आखूड करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी हजारो रिव्हॉल्व्हरे अमेरिकेच्या बाजारात गेली, पण त्यांचे काडतूस तेथे दुर्मिळ होते. यावर तेथील लोकांनी दोन मार्ग काढले. काहींनी .४५ कोल्टची लांब पुंगळी कापून व तिची कड पातळ करून .४५५ ची पुंगळी बनवली. इतरांनी रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राची मागील बाजू घासून त्यात .४५ चे लष्करी पिस्तूल-काडतूस बसवले. पहिल्या मार्गात पुंगळी बंदुकीला अनुरूप झाली, दुसऱ्यात बंदूक काडतुसाला. दुसरा मार्ग धोक्याचा होता, कारण .४५ च्या काडतुसाचा दाब जुन्या वेब्लीच्या मर्यादेपेक्षा जास्त असतो. काडतूस आत बसते म्हणजे ते सुरक्षितपणे झाडता येते असे नाही, हा या उद्योगातील पहिला नियम आहे.

कायद्यामुळे कॅलिबर बदलण्याची घटना केवळ भारतापुरती मर्यादित नाही. इटलीत नागरिकांना लष्करी नऊ मिलिमीटर पिस्तूल निषिद्ध असल्याने पुंगळी सुमारे दोन मिलिमीटर लांब असलेले ९×२१ हे काडतूस तेथे रूढ झाले. २०२१ च्या कायद्याने ही मनाई उठली. मेक्सिकोतही लष्करी मापांवरील निर्बंधांमुळे .३८ सुपर हे काडतूस लोकप्रिय झाले. भारतातील .३१५ आणि .३२ यांची जातकुळी हीच आहे.

६. स्वातंत्र्योत्तर काळ :

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र कायद्याने घेतली; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. वंशभेदाचा त्यात मागमूसही नव्हता. परंतु दारूगोळ्याच्या व्याख्येत 'भाग' आणि 'यंत्रे' कायम राहिली. १९६२ च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत निषिद्ध शस्त्रांचे वर्णन ज्या रीतीने केले आहे ते अभ्यसनीय आहे. .३०३ किंवा ७.६२ ची सेवेतील काडतुसे ज्यांत बसू व झाडता येतील अशा रायफली, .४१० मस्केट, तसेच .३८० व .४५५ ची रिमवाली किंवा सेवेतील नऊ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत चालतील अशी कोणत्याही बोअरची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे, असे ते वर्णन आहे. येथे बंदुकीच्या नावाला महत्त्व नाही. तिच्या पोटात कोणती पुंगळी बसते, हीच कसोटी आहे. २०१६ च्या नियमांनीही ही विभागणी मुख्यत्वे पुढे चालवली.

उत्पादनाच्या बाबतीत महाराष्ट्राचे स्थान मध्यवर्ती राहिले. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धानंतर सैन्याने .३०३ सोडून ७.६२ स्वीकारले. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे नवा कारखाना सुरू झाला. खडकीत लष्करी उत्पादनाबरोबर नागरी परवानाधारकांसाठी १२ बोअर, .३१५ आणि .३२ ची काडतुसे तयार होत आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले.

या विभागणीचे दोन परिणाम नोंदवणे आवश्यक आहे. पहिला असा की, लष्करी कॅलिबरपासून दूर ठेवण्यासाठी रूढ केलेले .३१५ हेच उत्तर भारतात गावठी कट्ट्याचे प्रमुख माप बनले. जे काडतूस बाजारात मिळते त्याच्या मापाचा कट्टा घडतो. म्हणजे कायद्याने नागरिकाचे कॅलिबर ठरवले आणि नकळत गुन्हेगाराचेही ठरवले. दुसरा परिणाम पोलिसांविषयी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित रायफलींसमोर काही पोलिसांच्या हाती .३०३ होती. सैन्याने ती सोडून चार दशके उलटली होती. मैवंदच्या वेळी हिंदी शिपायाला जुनी बंदूक अविश्वासामुळे मिळाली. २००८ मध्ये पोलीस शिपायाला ती अनास्थेमुळे मिळाली. कारणे भिन्न असली तरी त्याची किंमत दोन्ही वेळा शिपायानेच मोजली.

७. रिकाम्या पुंगळीचा हिशेब :

आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्र सेनेच्या विद्यार्थ्यांना गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात. .२२ ची ही पुंगळी रिमफायर प्रकारची असते. तिच्या कडेतच स्फोटक द्रव्य भरलेले असल्याने तिचे पुनर्भरण सामान्यतः होत नाही. तरीही तिचा हिशेब लागतोच. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा पुरावा म्हणून हा हिशेब योग्यच आहे. परंतु त्यामागे जुनी शासकीय स्मृतीही आहे, असे म्हणण्यास जागा आहे. मागे उरलेले पितळ पुन्हा भरले जाईल, ही शंका १८७८ च्या व्याख्येतही होती.

निष्कर्ष :

१) कॅलिबर-परिवर्तन ही तांत्रिक क्रिया असली तरी भारतात तिला प्रामुख्याने राजकीय कारणे होती. .४६५, .३१५ आणि .४१० ही उदाहरणे गृहीतकाला पुष्टी देतात.
२) पितळी पुंगळीमुळे शस्त्रनियंत्रणाचा भर बंदुकीवरून काडतुसाकडे वळला. १८७८ ची व्याख्या आणि १९६२ ची अनुसूची यांत हे सातत्य दिसते.
३) स्नायडर-मार्टिनीचे उदाहरण मात्र गृहीतकाला मर्यादा घालते, कारण तेथे परिवर्तनाचे कारण तांत्रिक होते, कोणाला कोणते काडतूस द्यावयाचे एवढाच निर्णय राजकीय होता.
४) नागरिकांना शस्त्रे सुलभ व्हावीत असा या विवेचनाचा रोख नाही. पुनर्भरणावरील नियंत्रणास सुरक्षेचे सबळ कारण आहे. परंतु जी विभागणी परकीय सरकारने प्रजेच्या भीतीपोटी केली, तिची मापे स्वतंत्र देशाने कोणत्या कारणासाठी चालू ठेवली, याची स्वतंत्र मांडणी होणे गरजेचे आहे.
५) खडकी व वरणगाव येथील कारखान्यांचा इतिहास हा महाराष्ट्राच्या औद्योगिक व सामाजिक इतिहासाचा भाग आहे. तेथील कामगारांच्या आठवणी, जुने साचे आणि ठसे यांची मराठीत नोंद झाली, तर लष्करी इतिहासापलीकडचे एक मोठे दालन अभ्यासकांना खुले होईल.